दोन वर्षांचा घोडा घेताय? आधी रेटिंग वाचायला शिका

दोन वर्षांच्या, अजून एकदाही न धावलेल्या घोड्याला रेटिंग नसतं. हे साधं वाक्य पहिला घोडा घेण्याआधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं. लिलावाच्या आधी आठवडाभर जे आकडे तुमच्या कानावर पडतात ते त्याच्या बापाचे, आईचे, भावंडांचे असतात, नाहीतर सकाळच्या एखाद्या दौडीतले घड्याळाचे सेकंद असतात. त्या घोड्याचा स्वतःचा असा आकडा अजून जन्मालाच आलेला नसतो.

आम्ही चौघा मित्रांनी मिळून पहिला घोडा घेतला तेव्हा मध्यस्थाने एकच आकडा पुढे केला होता: "याचा भाऊ अठ्ठ्याहत्तर रेटिंगचा आहे." आम्ही हुरळलो. खाण तशी माती, असं म्हणत ठरवलं होतं त्यापेक्षा बरेच जास्त पैसे मोजले. नंतर नोंदी काढून बसलो तेव्हा कळलं की तो भाऊ फक्त आईकडून भाऊ होता, बाप वेगळा. त्याचे तिन्ही विजय पुण्याच्या एकाच पावसाळी हंगामातले. त्याच आईची बाकी चार पिल्लं विसाच्या वर कधी गेलीच नव्हती. आमचा घोडा सात वेळा धावला, एकदा चौथा आला. स्वभावाने फार गोड होता, आता तो लहान मुलांना घोडेस्वारी शिकवतो. चूक घोड्याची नव्हती, आम्हाला आकडा वाचता आला नव्हता.

पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवर पहिल्यांदाच घोडा घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. पैज लावणाऱ्यांना यातलं थोडंफार उपयोगी पडेल, पण माझा रोख घोडा घेणाऱ्यांकडे आहे.

आधी विचारा: हा आकडा कसला?

"रेटिंग" या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली, क्लबच्या हँडिकॅपरने, म्हणजे कुठल्या घोड्याने किती वजन घेऊन धावायचं हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, दिलेलं अधिकृत रेटिंग. दुसरी, शर्यतीच्या वेळेवरून काढलेला वेगाचा आकडा. तिसरी, सकाळच्या सरावात कुणीतरी घड्याळ लावून टिपलेली वेळ. कुणी नुसता आकडा फेकला की मी थांबवून विचारतो: कुणाचा, कुठला, कधीचा आणि किती वेळा मिळवलेला? या चार प्रश्नांनीच निम्मे आकडे गळून पडतात.

हँडिकॅपरचं रेटिंग

आपल्याकडे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती पावसाळ्यात आणि नंतर ऑक्टोबरपर्यंत पुण्यात होतात, आणि नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत महालक्ष्मीला. घोडा शर्यतींत काय करतो हे बघून हँडिकॅपर त्याला आकडा देतो आणि त्या आकड्यावरून पाठीवरचं वजन ठरतं. हिशेब सोपा आहे, एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. चौथ्या वर्गाची शर्यत २० ते ४६ रेटिंगच्या घोड्यांची असते. ४६ वाला ६२ किलो घेऊन धावतो, २० वाला ४९ किलो. मधले २६ पॉइंट म्हणजे १३ किलोंचा फरक. तिसरा वर्ग ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६, आणि त्याच्या वर पहिला.

या रेटिंगचा मूळ हेतू नवख्याच्या लक्षात येत नाही. सगळे घोडे एका रेषेत पोहोचावेत म्हणून ते दिलेलं असतं. घोडा जिंकला की आकडा चढतो, सतत मागे राहिला की उतरतो. म्हणजे आज ३० असलेला घोडा वर चढणारा तिशीतला आहे की पंचावन्नवरून घसरत आलेला तिशीतला आहे, हे एका आकड्यावरून कळत नाही. सगळा प्रवास बघावा लागतो. भावंडांचं रेटिंग सांगितलं जातं तेव्हा बहुतेक वेळा ते आयुष्यातलं सर्वात वरचं असतं. तिथे तो किती दिवस टिकला, हे तुम्ही विचारायचं.

दुसरी एक गोष्ट. मुंबई, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई आणि कोलकाता, प्रत्येक ठिकाणचा हँडिकॅपर स्वतंत्र आहे आणि त्याच्यासमोर धावणारे घोडेही वेगळे. एका केंद्रातला पन्नास दुसऱ्या केंद्रातल्या पन्नासाइतकाच असेल असं गृहीत धरू नका. तो घोडा दुसरीकडे जाऊन धावला असेल तर तिथे काय झालं ते पाहा.

वेळेवरून काढलेला आकडा

इथे थोडा वेळ द्या, कारण हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की पुन्हा कुणी सहज फसवू शकत नाही.

नुसती वेळ काहीच सांगत नाही. १२०० मीटर एक मिनिट अकरा सेकंदांत धावला, हे ऐकायला छान वाटतं. पण ऑगस्टमध्ये पुण्यात चार दिवस पाऊस लागून गेल्यावर धावला, की फेब्रुवारीत महालक्ष्मीच्या कडक मैदानावर? त्या दिवशी फॉल्स रेल लावले होते का? गवत राखण्यासाठी आतल्या बाजूला रेल पुढे सरकवतात, त्यामुळे घोड्यांना वळणावर जास्त अंतर धावावं लागतं आणि वेळ वाढते. मैदान किती मऊ आहे याचं पेनेट्रोमीटरचं माप आणि रेलची नोंद निकालासोबत जाहीर होते. नवखे लोक ती ओळ वगळून थेट विजेत्याच्या नावाकडे जातात. मी ती आधी वाचतो.

आता हिशेब. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्याही खऱ्या शर्यतीचे नाहीत.

समजा, १२०० मीटर चौथ्या वर्गात गेल्या दोन-तीन हंगामांच्या सगळ्या वेळा तुम्ही लिहून काढल्या आणि क्रमाने लावून मधली घेतली: १ मिनिट ११.५ सेकंद. ही तुमची मानक वेळ. (विक्रमी वेळ मानक म्हणून कधीच घेऊ नका.) प्रत्येक अंतरासाठी आणि वर्गासाठी अशी वेगळी वेळ काढायची. काम कंटाळवाणं आहे, पण एका रविवारी दुपारी वही घेऊन बसलं की होतं.

मग तुम्हाला हव्या असलेल्या दिवसाच्या सगळ्या शर्यती घ्या. समजा त्या दिवशीच्या शर्यती आपापल्या मानकापेक्षा दर हजार मीटरला सरासरी अर्धा सेकंद मंद निघाल्या. एकच शर्यत मंद असती तर घोडे मंद म्हणता आलं असतं. सगळ्याच मंद आहेत, म्हणजे मैदान जड होतं. १२०० मीटरसाठी ही सूट ०.६ सेकंद. आपला घोडा १ मिनिट ११.८५ सेकंदांत आला असेल तर सूट देऊन त्याची खरी वेळ १ मिनिट ११.२५, म्हणजे मानकापेक्षा पाव सेकंद चांगली.

सेकंदाचं रूपांतर आधी लेंग्थमध्ये (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) आणि मग वजनात करायचं. चांगल्या मैदानावर एका सेकंदात साधारण सहा लेंग्थ धरतात, तेव्हा पाव सेकंद म्हणजे दीड लेंग्थ. एका लेंग्थला किती वजन, हे अंतरावर ठरतं. १००० मीटरला ढोबळमानाने दीड किलोच्या आसपास, १२०० ला किलोभर, २४०० मीटरला पाऊण किलोपेक्षाही थोडं कमी. छोट्या शर्यतीत लेंग्थ महाग, लांबच्या शर्यतीत स्वस्त. आपल्या उदाहरणात दीड लेंग्थ म्हणजे दीड-पावणेदोन किलो, आपल्या हिशेबात तीन पॉइंट. आणि बाकीचे सरासरी ५६ किलोंवर असताना हा ५९ घेऊन धावला असेल तर त्या तीन किलोंचे आणखी सहा. एकूण, त्या वर्गाच्या मानकापेक्षा नऊ पॉइंट वर.

दुसरा घोडा तीन लेंग्थ मागे असेल तर त्याच विजेत्याच्या आकड्यातून खाली मोजत जायचं. भाऊ जिंकला नसला तरी त्याचा आकडा चांगला निघू शकतो, आणि जिंकूनही वाईट निघू शकतो. लिलावाच्या पानावर "विजेता" एवढाच शब्द असतो.

या पद्धतीची एक मर्यादा मनावर कोरून ठेवा. वेळेचा आकडा मोठा आला तर तो पुरावा आहे, कारण घोड्याला खोटं खोटं वेगात धावता येत नाही. छोटा आला तर मात्र तो घोड्याविरुद्ध पुरावा ठरत नाही. सुरुवातीला कुणीच पुढे जायला तयार नसेल तर सगळे रेंगाळतात आणि शेवटच्या ४०० मीटरला खरी शर्यत होते. अशा वेळी उत्तम घोड्याचीही एकूण वेळ सामान्य दिसते. म्हणून शेवटच्या टप्प्याची वेळ मिळाली तर ती घ्या, आणि शर्यतीचा व्हिडिओ पाहिल्याशिवाय भावंडाला नाकारू नका.

परदेशी आकडे

आपल्याकडचे अनेक स्टॅलियन (पैदाशीचे नर) आणि घोड्या बाहेरून आलेल्या, त्यामुळे बापाच्या नावापुढे टाइमफॉर्मचा किंवा बेयरचा आकडा सांगितला जातो. टाइमफॉर्म ही घोड्यांना रेटिंग देणारी संस्था, फिल बुल यांनी १९४८ साली इंग्लंडात सुरू केलेली. तिथला एक पॉइंट म्हणजे एक पौंड वजन. सपाट शर्यतींतला त्यांचा सर्वात वरचा आकडा फ्रँकेलचा, १४७. त्याच घोड्याला अधिकृत आंतरराष्ट्रीय यादीत १४० मिळाले. एकच घोडा, तीच कारकीर्द, दोन वह्या, सात पॉइंटांचा फरक. बेयर आकडे अमेरिकन पत्रकार अँड्र्यू बेयर यांचे, पूर्णपणे घड्याळावर बेतलेले, आणि त्यांची मोजपट्टीच वेगळी. बेयर १०० आणि टाइमफॉर्म १०० यांची तुलना करणं म्हणजे फुटाची आणि मीटरची पट्टी एकमेकांवर ठेवणं.

आपला पॉइंट अर्ध्या किलोचा, त्यांचा पौंडाचा. पायरीची उंची जवळपास सारखीच, पण जिना वेगळ्या मजल्यावरून सुरू होतो. तिथला ८० म्हणजे इथला ८० नव्हे.

आणि बाप किती धावला यापेक्षा त्याची पोरं किती धावतात हे जास्त महत्त्वाचं. रझीन वर्षानुवर्षं भारतातला आघाडीचा सायर, म्हणजे बाप घोडा, राहिला तो त्याच्या पोरांच्या जोरावर. नवा स्टॅलियन असेल आणि त्याची पहिलीच पिल्लं विकायला असतील, तर बापाचा मोठा आकडा म्हणजे फक्त आशा आहे. आशेचे पैसे द्यायला हरकत नाही, फक्त आपण आशेचेच पैसे देतोय हे माहीत असावं.

आईचं पान

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. आईच्या सगळ्या पिल्लांची यादी करा. कॅटलॉगमध्ये असलेली आणि नसलेली, दोन्ही. घोडी आठ वर्षं स्टडवर, म्हणजे पैदाशीच्या फार्मवर, असेल आणि पानावर दोनच नावं असतील तर बाकीची कुठे गेली? काही जन्मलीच नसतील, काही मेली असतील, काही धावायच्या आधीच पायाने गेली असतील. पायाने गेलेली दोन-तीन निघाली तर मी पान उलटतो.

जी धावली त्यांचं प्रत्येकाचं सर्वात वरचं रेटिंग लिहा आणि क्रमाने लावून मधलं घ्या. आमच्या त्या पहिल्या घोड्याच्या आईची यादी होती: ७८, २०, १८, १४, ९. मधला आकडा १८. मध्यस्थाने आम्हाला ७८ विकला, आम्ही घेतला १८. ही पाच आकड्यांची ओळ मी आजही प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितो.

भावंडांच्या यादीत प्रत्येकाचा बाप, कितव्या वर्षी जिंकला आणि किती अंतरावर, हेही लिहा. या घोडीची सगळी पोरं चौथ्या वर्षीच उमलली असतील तर तुमच्या दोन वर्षांच्या घोड्याकडून यंदाच काही अपेक्षा ठेवू नका, आणि तेवढा काळ खर्च करायची तयारी ठेवा. ट्रेनरचं मासिक बिल, नालबंद, डॉक्टर, हे सगळं घोडा धावो न धावो चालूच राहतं.

जन्मतारीखही पाहा. आपल्याकडे सगळ्या रेसच्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एकदम वाढतं. जानेवारीत जन्मलेला आणि मे महिन्यात जन्मलेला, कागदावर दोघेही दोन वर्षांचे. प्रत्यक्षात चार महिन्यांचं हाडामांसाचं अंतर असतं. मे मधला घोडा लिलावात बारका, पोरकट दिसतो, आणि त्यामुळे कधीकधी स्वस्त मिळतो. इंडियन डर्बी फेब्रुवारीत होते, तेव्हा घोडे कागदावर नुकतेच चार वर्षांचे झालेले असतात. तोवर चार महिन्यांचा हा फरक बराचसा भरून निघतो. मला असे उशिराचे घोडे आवडतात, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळची वेळ

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओकालाच्या लिलावाआधी दोन वर्षांच्या घोड्यांना एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०० मीटर, पूर्ण वेगात पळवतात. दहा सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला की किंमत चढते. आपल्याकडे तुम्हाला ऐकू येईल ते असं: "सहाशे चाळीस, मोकळा धावला." म्हणजे ६०० मीटर ४० सेकंदांत, फार न रेटता.

असा आकडा मिळाला तर विचारा: वाळूच्या आतल्या ट्रॅकवर की बाहेरच्या? एकटा की सोबत कुणी होतं? सोबतचा कोण आणि त्याचं रेटिंग किती? पाठीवर कोण होतं? सकाळच्या स्वाराचं वजन कुणी करत नाही, आणि पाच किलोंचा फरक पाठीवर सहज असू शकतो. मुख्य म्हणजे दोनशे-सहाशे मीटरच्या वेळेतून चपळाई कळते, दम कळत नाही. मी स्वतः घड्याळ घेऊन जातो, पण दौड संपल्यानंतरची पाच मिनिटं जास्त लक्ष देऊन बघतो. मोतद्दार त्याला चालवत परत आणतो तेव्हा नाकपुड्या किती वेळ फुललेल्या राहतात, मान खाली घालून शांत होतो की अंगाला घाम फुटून थरथरत राहतो. एक घोडी आम्ही केवळ यासाठी उचलून धरली होती की दौडीनंतर शंभर पावलांत तिचा श्वास बसला आणि ती बाजूच्या गवताकडे तोंड न्यायला लागली.

घोडा स्वतः

आकड्यांवर एवढं लिहूनही सांगतो, वही बंद करून घोड्यासमोर उभं राहावंच लागतं. त्याला सपाट जमिनीवर तुमच्याकडे सरळ चालत यायला लावा, मग तुमच्यापासून दूर जाऊ द्या. पुढचे पाय बाहेर फेकतो का, गुडघे एकमेकांकडे झुकलेत का, मागचा खूर पुढच्याच्या ठशाच्या पुढे पडतो का. मग मोतद्दाराची परवानगी घेऊन हात नळीवरून खाली घोट्यापर्यंत न्या. एका पायाची नळी दुसऱ्यापेक्षा गरम लागली तर कितीही मोठा आकडा असो, आधी डॉक्टर. गुडघ्यांचे एक्स-रे आणि श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी यावर पैसे वाचवू नका, आणि डॉक्टर तुमचा असू द्या, विकणाऱ्याचा नको.

धावलेला तरुण घोडा घेत असाल तर

तीन वर्षांचा, दोन-चार वेळा धावलेला घोडा विकायला येतो तेव्हा त्याचं स्वतःचं रेटिंग असू शकतं. इथे हिशेब उलटतो. मोठं रेटिंग म्हणजे मोठी किंमत आणि वर जास्त वजन, असा दुहेरी भार. मेडन (अजून एकदाही न जिंकलेल्या घोड्यांची शर्यत) जिंकून ४४ वर गेलेला घोडा आता चौथ्या वर्गात वरचं वजन घेऊन धावेल. त्याच वेळी वेळेच्या हिशेबात ४० चा निघणारा, पण वाईट ड्रॉमुळे (सुटायची जागा वाईट मिळाल्याने) किंवा संथ शर्यतीमुळे २६ वर बसलेला घोडा स्वस्तात मिळतो आणि त्याच्या खऱ्या आकड्यापेक्षा सात किलो कमी घेऊन धावतो. वेळेचा आकडा काढायला शिकण्याचा खरा फायदा इथे आहे. त्याने ज्यांना हरवलं ते घोडे पुढे जाऊन जिंकले का, हे मात्र तपासा. मागचे सगळे पुढेही हरतच राहिले असतील तर विजय पोकळ आहे.

लिलावाच्या दिवशी

मी किंमत अशी ठरवतो. आईच्या पिल्लांचा मधला आकडा जिथे बसतो त्या वर्गाच्या शर्यतींची बक्षिसं पाहतो, आणि दोन हंगामांत तसा घोडा किती कमावू शकेल याचा कंजूष अंदाज करतो. घोडा चालताना आवडला, डॉक्टरने पास केला, तर त्या अंदाजात थोडी भर. सर्वात मोठ्या रेटिंगच्या भावासाठी काही नाही. ती रक्कम कॅटलॉगच्या पानावर पेनने लिहून गोल करतो आणि पान सोबतच्या मित्राच्या हातात देतो. बोली त्या रकमेपुढे गेली की तो माझा हात धरतो. ही व्यवस्था आमच्यात पहिल्या घोड्यानंतर ठरली.

तुम्ही नवे असाल तर घोडा घेण्याआधी क्लबकडे मालक म्हणून नोंदणी आणि मंजुरीची चौकशी करून ठेवा. चार-पाच जणांनी मिळून घेत असाल तर हिस्से, खर्च आणि विकायचा निर्णय कुणी घ्यायचा, हे सगळं कागदावर घ्या.

दौडीनंतर गवताकडे तोंड नेणारी ती घोडी आम्हाला मिळाली. तिच्या आईचा मधला आकडा ३४ होता, एकही मोठ्या रेटिंगचा भाऊ नाही, जन्म एप्रिलच्या शेवटचा. मी लिहिलेल्या रकमेच्या थोडं आतच हातोडा पडला. तिसऱ्या वर्षी ती पहिल्यांदा धावली आणि पाचवी आली. शेवटच्या टप्प्यात तिच्यापुढे जागा मिळाली नव्हती, मी घरी येऊन वेळेचा हिशेब केला तर आकडा एकतीसचा निघाला. तिसऱ्या शर्यतीत जिंकली. क्लबने तिला पहिलं रेटिंग दिलं तेव्हा मी वहीत आईच्या ओळीच्या शेवटी ते जोडलं, आणि मधला आकडा पुन्हा काढला.